मोसम उनी

ज्या गावाच्या नावात नामही आहे आणि पूरही, त्या गावात माझं माहेर. नामपूर. नाशिक जिल्ह्यातलं, बागलाणातलं, मोसम नदीच्या काठचं. पूर म्हणजे नगर हे पुढे शाळेत कळलं. पण काठावर वाढणाऱ्या पोरांना पूर म्हटलं की आधी दिसायचं ते तांबूस, फेसाळ, आपल्याच घाईत पडत-झडत येणारं पाणी, आणि त्या पाण्यावर तरंगत आलेल्या तुराट्या, कुणाच्या मळ्यातले भोपळे, मुळासकट उपटलेली एखादी बाभूळ आणि तिच्या फांदीला घट्ट धरून बसलेला भेदरलेला सरडा. एस.टी.च्या पाटीवर नाम आणि पूर असे एकमेकांना चिकटून बसलेले दिसले की अजूनही वाटतं, या गावाला नावांचाच पूर येत असला पाहिजे.

निदान मला तरी येतो.

बागलाणातल्या नद्यांची नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. आरम. हत्ती. कान्हेरी. करंजाडी. मोसम. गोदावरी, इंद्रायणी, नर्मदा ही कशी स्तोत्रांत बसलेली, घंटानादात न्हालेली, ऐकताच हात जोडावेत अशी नावं. आणि आमच्या नद्यांची नावं मात्र भर उन्हात उभ्या गुराख्यानं पलीकडच्या काठाला दिलेल्या हाकेइतकी उघडी, अंगाला मातीचा वास असलेली. हत्ती नावाची नदी आहे हे ऐकलं तेव्हा तिची सोंड कुठल्या गावापाशी येत असेल, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. करंजाडीच्या नावात करंजांची झाडी सळसळते. कान्हेरीत कुणीतरी पावा विसरून गेलंय. आणि आरम म्हणताना, मोसम म्हणताना ओठ शेवटी मिटतात; मिटलेल्या ओठांमागे तो 'म' क्षणभर घुमत राहतो, आणि मग लक्षात येतं की या दोघी वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहत असल्या तरी दोघींच्या नावांचा शेवट एकाच गुणगुणण्यात होतो आणि दोघींच्या पाण्याचा शेवट एकाच गिरणेत.

आमच्या घरात 'मोसम वाहते' असं कुणी म्हणत नसे. मोसम येते. अहिराणीत तर ती नुसती येतही नाही, ती 'उनी' असते. दारात येऊन उभीच राहिलेली.

गावात तेव्हा लख्ख ऊन असायचं. बाजरीच्या पात्यांवर ते उन्हाचं पाणी हलत असायचं, अंगणात वाळवण पसरलेलं असायचं, पावसाचं चिन्ह म्हणावं तर फक्त पश्चिमेला, साल्हेर-मुल्हेरच्या अंगाला, आभाळाच्या कडेला लागलेली एक काजळाची रेघ. तिकडे काय चाललंय ते आम्हाला दिसत नसे. आधी वास यायचा. कुजक्या पानांचा, भिजल्या लाकडाचा, डोंगराच्या पोटातून निघालेल्या मातीचा तो वास वाऱ्याच्या एका झुळकेत येऊन जायचा, गोठ्यातल्या गाई माना वर करायच्या, आणि मग पायाखालच्या जमिनीत कुठेतरी खोल, कानाला ऐकू येण्याआधी तळव्यांना कळेल अशी घरघर सुरू व्हायची. ती वाढत वाढत वाळवंटातल्या धोंड्यांपर्यंत पोचायची, धोंडे एकमेकांवर आदळू लागायचे, आणि वरच्या आळीतून कुणीतरी ओरडायचं.

"मोसम उनी, मोसम उनी!"

हाकेसरशी दारं उघडायची. म्हाताऱ्या बाया पदर सावरत काठाकडे निघायच्या, पोरं त्यांच्या पुढे धावायची, आणि अजून न दिसलेल्या पाण्याबद्दल सगळे एकमेकांना विचारायचे, "कितलं पानी शे?" मग वळणावर ती दिसायची. पहिल्या पाण्याला जीभ असते. कोरड्या वाळूवरून ती चाटत, थबकत, एखाद्या खळग्यापाशी घुटमळत, तो भरून घेत पुढे सरकते. तिच्या कडेला पाचोळ्याचा आणि फेसाचा काठ असतो, आणि त्या काठासमोर वाळूतले किडे जिवाच्या आकांतानं पळत असतात. मागून मोठं पाणी येतं. आजी हळदकुंकू वाहायची, नारळ सोडायची आणि हात जोडून नुसतं नाव घ्यायची. स्तोत्र तिला येत नव्हतं. नाव येत होतं.

हे नाव आलं कुठून, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. ज्या नावानं आपण एखाद्याला जन्मभर हाक मारतो, त्याचा अर्थ विचारायचं सुचतच नाही.

नदी कुठून आली हे सांगणं त्या मानानं सोपं. साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. मला तो वेगळ्याच कारणानं थोर वाटतो. त्या डोंगररांगेवर पडणाऱ्या पावसाला तिथेच ठरवावं लागतं, कुठल्या वाटेनं जायचं. पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब डांगाच्या जंगलात उतरतो, बांबूच्या बेटांतून, गुजरातेतून, जवळच्या वाटेनं समुद्राला मिळतो. त्याच्याशेजारीच, हातभर अलीकडे पडलेला थेंब मात्र समुद्राकडे पाठ फिरवतो. तो पूर्वेला वळतो, मोसम होतो, हरणबारी, मुल्हेर, अंतापूर, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर असा गावागावांतून फिरत मालेगावला गिरणेत जातो. गिरणा त्याला खानदेशातून तापीत नेते. आणि तापी त्याला परत पश्चिमेला वळवून सुरतेपाशी नेऊन सोडते. म्हणजे समुद्र तोच. एकाला तो लगेच मिळाला आणि दुसऱ्यानं त्याच्यासाठी अख्खा खानदेश हिंडला. आम्ही या हिंडणाऱ्या थेंबाच्या काठची माणसं.

या वाटेवरच्या गावांचीही नावं बघण्यासारखी आहेत. मुल्हेर म्हणजे जुनी मयूरगिरी. तिथल्या नारायणशहाच्या दरबारात रुद्रकवीनं १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश' हे संस्कृत महाकाव्य रचलं. बागुल राजांचा मुलूख म्हणून बागलाण. १६३८ मध्ये औरंगजेबानं ते राज्य घेतलं आणि मोगलांच्या महंमद ताहीर या सरदाराच्या नावावरून ताहाराबाद वसलं. हरणांच्या खिंडीची हरणबारी झाली. आमच्याकडे खिंडीला बारीच म्हणतात. मोर, राजे, सरदार, हरणं, सगळे आपापलं नाव काठावर ठेवून निघून गेले. मुल्हेरला कोजागरीच्या रात्री अजून रासक्रीडेचा उत्सव होतो, केळीच्या पानांनी सजवलेलं मोठं चक्र खांबावर चढवतात, आणि त्या चांदण्यात मयूरगिरी हे जुनं नाव उच्चारलं तर ते मुळीच जुनं वाटत नाही.

तर मोसम.

गावातले भटजी संकल्प सांगताना मोसम म्हणत नसत. ते मोक्षगंगा म्हणत. 'मोक्षगंगेच्या तीरी' असं काहीसं त्यांच्या तोंडून ऐकलं की मला आमची वाळवंटातली, म्हशी डुंबणारी, कपडे आपटण्याच्या आवाजानं भरलेली नदी एकदम परकी, रेशमी सोवळं नेसून उभी असल्यासारखी दिसायची. पण नाव पोकळ नव्हतं. मोसमच्या खोऱ्यावर मांगी आणि तुंगी ही जुळी शिखरं उभी आहेत. जैन परंपरा सांगते की तिथे ९९ कोटी मुनींना मोक्ष मिळाला, आणि त्यांत राम आणि हनुमानही होते. इतकी माणसं जिथून सुटली, त्या डोंगराच्या पायथ्याशी वाहणारं पाणी मोक्षाचं असणार, हे कुणाला सांगावं लागलं नसेल. आमच्या गल्लीतल्या मेलेल्या माणसांचं सगळं मोसमनंच नेलं आहे. राख, फुलं, दहाव्याचे पिंड, कावळ्यांनी न शिवलेला भात. उन्हाळ्यात मेलेल्यांची राख वाळूत झिरा खणून त्यातल्या ओंजळभर पाण्यात सोडावी लागे. पहिला पूर येईपर्यंत ती तिथेच थांबून राही. कुणी बोलून दाखवत नसे, पण 'मोसम उनी' ऐकल्यावर डोळ्यांना पदर लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या माणसाची वाट मोकळी झालेली असायची.

आणि भाषेचीही या नावाला ना नाही. मराठीच्या तोंडात 'क्ष' फार टिकत नाही. क्षेत्राचं शेत झालं, मक्षिकेची माशी झाली, कुक्षीची कूस झाली. मग मोक्षाचा मोस व्हायला किती वेळ? शेतात जाणाऱ्या, माशा हाकणाऱ्या, लेकरू कुशीत घेणाऱ्या माणसांच्या ओठांवरून शेकडो वर्षं जाता-येता त्या नावाची टोकं झिजली, गंगा गळून पडली, आणि शेवटी हातात राहिला तो नदीतल्याच गोट्यासारखा गुळगुळीत एक शब्द. मला ही व्युत्पत्ती आवडते. ती खरी की खोटी हे पंडितांनी ठरवावं. मला आवडते ती तिच्यातल्या झिजण्यामुळे.

पण दुसरी हाक वेगळ्याच दिशेनं येते.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'नैऋत्य मोसमी वारे' हा धडा आला, तेव्हा आमचा सगळा वर्ग ताठ बसला होता. पुस्तकात आमची नदी! गुरुजी नकाशावर बाण काढून दाखवत होते, अरबी समुद्रावरून निघालेले वारे सह्याद्रीला आपटून पाऊस पाडतात म्हणून सांगत होते, आणि आम्ही मनातल्या मनात ते बाण थेट साल्हेरवर आणि तिथून नामपूरच्या वेशीत आणून सोडत होतो. मोसम म्हणजे ऋतू, हंगाम. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. हा शब्द अरबीतला, मूळ 'मौसिम'. खूण करणं, डाग देणं, या अर्थाच्या धातूतून तो आला. वर्षातला खूण करून ठेवलेला काळ म्हणजे मौसिम. जत्रेचा काळ, यात्रेचा काळ, जहाजं हाकारायचा काळ. अरबी खलाशी या वाऱ्यांच्या भरवशावर शिडं उभारून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत आणि वारा उलटला की परतत. पोर्तुगिजांनी तोच शब्द उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे जाऊन मॉन्सून झाला. म्हणजे वेधशाळेचा मॉन्सून, पुस्तकातले मोसमी वारे आणि आमच्या आळीमागची मोसम, एकाच शब्दाच्या तीन लेकी.

तो शब्द डोंगरात कसा चढला असेल? इथे मी स्वतःला थोडी मोकळीक देते. सुरत फार लांब नाही. बागलाण हा सुरत आणि नंदुरबार यांच्यामधला डोंगराळ मुलूख असं आईन-ए-अकबरीत लिहिलं आहे, आणि तिथल्या द्राक्षांचं, डाळिंबांचंही नाव घेतलं आहे. आज नामपूरच्या शिवारात डाळिंबाच्या बागांतून जाताना मला अबुल फजलच्या शाईचा वास येतो. सुरतेच्या बंदराला मोसमात जहाजं लागत, माल उतरे, बैलांच्या पाठीवर लादला जाई, आणि तांडे घाट चढून बागलाणात येत. त्या तांड्यांबरोबर वेलदोडे, खजूर, मोती, कापड आलं असेल, तसा हा शब्दही कुणाच्या तरी जिभेवर बसून आला असेल. पावसाळ्यात अडकून पडलेला एखादा व्यापारी या काठावर बसून पाणी उतरायची वाट बघत असेल आणि पुन्हा पुन्हा विचारत असेल, मौसिम कधी संपणार? काठावरच्या माणसाला वाटलं असेल, हा नदीबद्दलच विचारतोय. आमचं पाणी खालच्या वाटेनं सुरतेला गेलं. तिथला शब्द वरच्या वाटेनं आमच्याकडे आला.

या कल्पनेला इतिहासानं एक दुखरी जोड दिली आहे. मालेगावचा भुईकोट नारोशंकरांनी १७४० मध्ये मोसमच्याच काठी बांधला. पेशवाई बुडाली तेव्हा तो किल्ला अरब शिपायांच्या ताब्यात होता. १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी त्याला वेढा घातला; तोफा डागल्या, सुरुंग लावले, दोन्हीकडची माणसं मेली, आणि जूनच्या मध्याला अरबांनी किल्ला सोडला. मृगाचे दिवस. पश्चिमेला तीच काजळाची रेघ उमटली असेल. हद्रामौतच्या नाहीतर येमेनच्या कुठल्या तरी कोरड्या गावात जन्मलेला, भाडोत्री तलवार घेऊन इतक्या लांब आलेला एखादा शिपाई तटाच्या फांजीवर उभा राहून खालचं कोरडं पात्र बघत असेल, आणि आसपासची कुणबी माणसं त्या पात्राला त्याच्या आईच्या भाषेतल्या शब्दानं हाक मारताना ऐकत असेल. पाऊस यायच्या आत तो तिथून गेला. नाव तिथेच राहिलं.

मोक्ष की मौसिम? कूस बदलावी तसं माझं मन या दोन अर्थांवर बदलत राहतं. पण माहेरच्या दोन सणांची आठवण आली की वाटतं, हा वाद काठावर राहणाऱ्यांनी फार पूर्वीच मिटवलेला आहे.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, वैशाखात येते. नदी तेव्हा नसते. असते ती तापलेली वाळू, मधूनमधून पांढरे पडलेले गोटे, आणि पाणी होतं तिथे उरलेली शेवाळाची वाळकी साल. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, कडुनिंबाला झोके टांगलेले असतात, घरोघर पितरांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून तिच्यावर डांगर ठेवलेलं असतं. आणि संध्याकाळी गौराई घेऊन पोरी त्या पाणी नसलेल्या नदीत उतरतात. काही गावांत पलीकडच्या गावच्या पोरीही समोर येतात. मधे कोरडं पात्र, अलीकडे आपण, पलीकडे त्या, आणि मग शिव्यांची जी आतषबाजी सुरू होते ती ऐकून बापई माणसांनी गुपचूप घरात जावं. वर्षभर सासरी तोंड मिटून बसलेल्या त्या लेकी एका संध्याकाळी नदीचं मोकळं पात्र आपल्या आवाजानं भरून टाकतात. पाणी नसतं तेव्हा नदीत असं काहीतरी वाहतं.

आणि श्रावणात कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रात्रभर गाणी, रोटांचा दरवळ, आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर. तेव्हा मोसम दोन्ही काठ धरून असते. पाणी निवळलेलं, हिरवट, आतून थंड. बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात, लुगड्यांचे ओचे फुगून वर येतात, ओल्या वाळूवर अनवाणी पावलांची गर्दी होते, आणि नारळाची कानबाई पाण्यात हलते तेव्हा सगळ्या एकदम गप्प होतात. एका सणाला नदीचं नसणं लागतं, दुसऱ्याला असणं. पितरांना पाणी दिलं ते उन्हाळ्यात, देवीला निरोप दिला तो पावसाळ्यात. सुटका आणि ऋतू. दोन्ही अर्थ आमच्या पंचांगात आधीपासूनच शेजारी राहत होते.

माझ्या आजीचं माहेर नदीपलीकडे होतं. लग्नात तिचं नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं कुणीतरी नवं नाव लिहिलं, तिला ते वाचताही येत नव्हतं. आमच्या घरात सगळे तिला त्याच नावानं ओळखत. पण वर्षातून एकदा तिचा म्हातारा भाऊ यायचा, ओट्यावर बसायचा आणि आत बघून एक भलतंच नाव घेऊन हाक मारायचा. आणि एरवी तीन हाकांशिवाय न उठणारी आजी पहिल्याच हाकेला, हातातलं पीठ तसंच घेऊन, पोरीसारखी धावत बाहेर यायची. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिनं ते पलीकडच्या काठावर ठेवलेलं होतं, ते तिथेच असू दे. भाऊ गेल्यावर त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही. ती त्यानंतर बरीच वर्षं जगली. बिननावाची.

मालेगावात गिरणेच्या संगमाशी जाते तेव्हा मला म्हणून नीट उभं राहवत नाही. तिथे एक नाव संपतं. पाणी संपत नाही; ते तेवढंच असतं, किंबहुना वाढतं. पण एका वळणापर्यंत ते मोसम असतं आणि त्या वळणापुढे त्याला मोसम म्हणणारं कुणी नसतं. पुढे तापीत गिरणा हरवते, आणि सुरतेच्या खाडीत तापीही. साल्हेरवरून निघालेल्या त्या थेंबानं समुद्रापर्यंत तीन नावं टाकलेली असतात.

नाव टिकतं ते हाकेत, आणि हाक टिकते ती कामात. मोसमच्या खोऱ्यात फड बागायत होती तोवर नदीचं नाव दिवसातून किती वेळा घेतलं जात असेल! गावागावाला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटावरच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडणारा पाटकरी. कुणाची पाळी, किती पाणी, कुठल्या फडाला आधी, हे सगळं नदीकडे बघून ठरायचं. पाटकऱ्याच्या तोंडी मोसम म्हणजे नदी होती, हंगाम होता आणि हिशेबही होता. पाणी उतरलं की तो म्हणे मोसम गेली, आणि ऐकणाऱ्याला तो नदीबद्दल बोलतोय की दिवसांबद्दल, हे विचारावं लागत नसे.

वर हरणबारीला धरण झालं. मी धरणाच्या विरोधात बोलणारी नाही. उन्हाळ्यात कोसभर हंडे वाहणाऱ्या बायकांची मी नात आहे, आणि नामपूरच्या बाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या ज्या रांगा लागतात त्यांच्या मागे ते अडवलेलं पाणी आहे. पण त्यानं नदीच्या नावाचा अर्थ हळूच बदलून टाकला. मोसमचा मोसम आता आभाळ ठरवत नाही. तो कागदावर ठरतो. हिवाळ्यात, भर उन्हाळ्यातही, एखाद्या सकाळी नदीला पाणी येतं. वास नाही, घरघर नाही, पश्चिमेला रेघ नाही. गाई माना वर करत नाहीत. कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप येतो आणि तो सांगतो, "आवर्तन सुटलं." मोटारी तयार ठेवल्या जातात. काठावर कुणी जात नाही. हळदकुंकू घेऊन तर नाहीच.

आवर्तन हा शब्द तसा चांगला आहे. मंत्रांचं असतं ते, तालाचंही असतं. तरी पण त्याला हाक मारता येत नाही. आवर्तन उनी, असं ओरडत कुठलं पोर धावणार?

आणि खाली मालेगावात मोसमचं नाव तिच्या अंगावरून उठून पुलावर जाऊन बसलंय. मोसम पूल. रिक्षावाला, भाजीवाला, कॉलेजची पोरं, सगळ्यांच्या तोंडी दिवसभर ते नाव असतं. उर्दू बोलणाऱ्या गल्ल्यांत ते 'मौसम' होतं, त्या जुन्या अरबी शब्दाच्या आणखी थोडं जवळ जातं. पण पुलाखाली बघवत नाही. गावाचं सांडपाणी, प्लास्टिक, काळा पडलेला चिखल, आणि त्यातून वाट काढणारी एक बारीक धार. इतक्या वेळा नाव घेतलं जातं आणि इतकं कमी बघितलं जातं, अशी दुसरी नदी मला माहीत नाही. मोक्ष देणारीला आधी यातून कुणी सोडवावं.

माझ्यापुरता मी निकाल देऊन टाकला आहे. संकल्प सोडताना तिला मोक्षगंगा म्हणावं. भटजींचा शब्द मोडू नये, आणि क्ष झिजवणाऱ्या ओठांचाही अपमान करू नये. पण तिचं खरं नाव मोसम. कारण गंगा म्हटलं की नदी बारमाही झाली पाहिजे, पवित्र झाली पाहिजे, कुणाच्या तरी जटेतून आली पाहिजे. मोसमवर यातलं कसलंच ओझं नाही. ती येते तेव्हा असते, जाते तेव्हा नसते, आणि तिचं नाव हे दोन्ही एका श्वासात सांगतं.

तुम्ही आमच्याकडे येणार असाल तर श्रावणात या, हरणबारी भरून सांडव्यावरून पाणी पडू लागल्यावर. मालेगावला पुलावर गर्दीत अडकलात तर एकदा खाली बघा. आणि इथे येणं जमणार नसेल तर एवढं करा: तुमच्या गावच्या नदीला, ओढ्याला, मग तो आज गटार का झालेला असेना, पूर्वी काय म्हणत ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा आणि लिहून ठेवा. विचारतच आहात तर तिचं माहेरचं नावही विचारून घ्या.